ती माणसं धावत नव्हती

आमच्या भाईंदरच्या इंद्रलोकमध्ये संध्याकाळी इमारतीखाली मुलं जमतात. परवा त्यातल्या एकाच्या मोबाईलवर दांडी यात्रेचं जुनं चित्रण चाललं होतं, 1930 सालचं. मिठाची गोष्ट आमच्या मुलांना परकी नाही, भाईंदरची मिठागरं त्यांच्या ओळखीची आहेत. पण मुलं हसत होती. गांधीजी दुडुदुडु पळताहेत, मागचे सत्याग्रही टुणटुण उड्या मारताहेत. "काका, तेव्हाची माणसं अशीच चालायची का हो?" एकानं मला विचारलं.

गांधीजी झपझप चालत, हे खरं. पण ते असे पळत नव्हते. हा सगळा यंत्राचा घोळ आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

चित्रपट म्हणजे एकामागून एक ठेवलेली स्थिर छायाचित्रं. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याच्या कडेला एक दांडा असे. पिठाच्या हातचक्कीसारखा तो कॅमेरामन हातानं फिरवी. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं उमटत. साधारण म्हणायचं कारण, हात शेवटी माणसाचा. तो कधी संथ होई, कधी गर्दी अंगावर आली की भराभर फिरे. पुढे विसाच्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला. फिल्मच्या काठावरच आवाज छापला जाऊ लागला. वेग जरासा बदलला तरी नायकाचा आवाज चिरका व्हायचा, म्हणून सेकंदाला चोवीस चित्रं असा नियम जगभर ठरला. आता सोळाच्या वेगानं घेतलेली फिल्म चोवीसच्या यंत्रात घाला. एका मिनिटाचं चालणं चाळीस सेकंदांत संपतं! जगभरच्या मूकपटांचं आणि वृत्तपटांचं हेच झालं. युद्धावर निघालेले सैनिक, अंत्ययात्रेतली माणसं, सगळी उगाचच विनोदी दिसू लागली. आज संगणकावर हा वेग दुरुस्त करता येतो, चांगल्या संस्था तो करतातही. पण मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफिती बहुधा जुन्या, चुकलेल्या प्रतींवरून उचललेल्या असतात.

'मूकपट' हा शब्दही असाच थोडा फसवा. पडदा मुका होता, थिएटर नव्हतं. पडद्यापुढे पेटी-तबला वाजे. दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांची पाटी येई आणि ती मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस थिएटरात असे, कारण पुष्कळ प्रेक्षकांना वाचता येत नव्हतं. जपानात तर अशा निवेदकांना 'बेन्शी' म्हणत आणि लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. आपल्याकडे एकाच पाटीवर दोन-दोन, तीन-तीन भाषा असायच्या. इंग्रजी, हिंदी, गुजराती, उर्दू, मराठी, जशी मागणी तशी. मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून "तुमचं मराठी इतकं छान कसं?" हा प्रश्न मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे. मला त्या पाटीचा हेवा वाटतो. तिला कुणी असं विचारलं नसणार.

उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम यांनी 1926 मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातल्या त्या पहिल्या महिला दिग्दर्शक. तो चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही. एकही प्रत उरलेली नाही.

याहून मोठी हळहळ मला सावेदादांची वाटते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले छायाचित्रकार. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. त्या खेळांनी सावेदादांना असं झपाटलं की त्यांनी एकवीस गिनी मोजून इंग्लंडहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती लावून ती टिपली. फिल्म धुण्याची सोय इथं नव्हती, ती विलायतेला पाठवावी लागे. पुढे 1901 च्या डिसेंबरात केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईत उतरले, त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. भारतीय माणसानं काढलेला पहिला वृत्तपट म्हणून इतिहासकार त्याचं नाव घेतात. विचार करा, कोकणातल्या मुर्डीचा एक मुलगा गणितात साहेबाला मागे टाकून परत येतो आणि दुसरा मराठी माणूस ती बातमी हलत्या चित्रांत पकडतो.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस काय करत होता? इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्यानं 1902 मध्ये नट उभे करून, खोटं चर्च उभारून, प्रत्यक्ष सोहळ्याच्या आधीच चित्रित करून ठेवला. राजा आजारी पडला, सोहळा लांबला, फिल्म मात्र तयार! ती नकली फिल्म आजही पाहायला मिळते. सावेदादांचा खरा परांजपे मिळत नाही.

नाहीसं होण्याची कारणं फिल्मच्या अंगातच होती. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. बंदुकीच्या दारूची ती चुलत बहीणच. ती पेटली की स्वतःच प्राणवायू पुरवते, पाण्याखालीही जळत राहते. न जळली तरी उष्ण दमट हवेत चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी उरते. मुंबईची हवा तर आपण जाणतोच. त्यात फिल्मवर चांदीचा थर असे. खेळ संपला, कमाई झाली, की डबे भंगारात जात आणि चांदी काढून घेतली जाई. पहिला बोलपट 'आलम आरा'सुद्धा यातून वाचला नाही. मेलिएसच्या पुष्कळ फिल्म पहिल्या महायुद्धात वितळवून सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या गेल्या. अमेरिकेतही मूक कथापटांपैकी मूळ रूपात पूर्ण उरलेले 14 टक्केच असल्याचं 2013 च्या एका पाहणीत दिसलं. आपल्याकडे सुमारे तेराशे मूकपट बनले. त्यातले तीसेक उरले असतील, तेही बरेचसे तुकड्यांत.

जे उरले त्याचं श्रेय मुख्यतः पी. के. नायर यांना. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि हा माणूस डबे शोधत गावोगाव हिंडला. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रफितींसाठी ते नाशिकला फाळके कुटुंबाकडे गेले. 'कालिया मर्दन'मधली छोटी मंदाकिनी फाळके, डोहात उडी घेणारा तो खट्याळ कृष्ण, आज आपल्याला दिसतो तो त्यामुळेच. पण जपलेलंही सुखरूप राहतंच असं नाही. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठारात आग लागली आणि नायट्रेटची रिळं खाक झाली.

तरी शोध सोडू नये. कॅनडाच्या डॉसन सिटीत 1929 मध्ये एका जलतरण तलावाच्या भरावात नको असलेली रिळं टाकली होती. 1978 मध्ये खोदकाम करताना गोठलेल्या जमिनीतून पाचशेहून अधिक रिळं निघाली, त्यांत कितीतरी वृत्तपट होते.

आपल्याकडे बर्फ नाही, माळे आहेत. कुणाच्या पणजोबांचं तंबू थिएटर असेल, कुणाच्या घरी छायाचित्रणाचा नाद असेल. आठ किंवा सोळा मिलिमीटरची घरगुती फिल्म बहुधा सुरक्षित जातीची असते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला तर ती कुजते आहे असं समजावं. पस्तीस मिलिमीटरची, 1950 च्या आधीची रिळं मात्र नायट्रेटची असू शकतात. डबा गंजलेला दिसला तर खटपट करून उघडू नका, उन्हात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका, हौसेनं यंत्रावर चढवू तर मुळीच नका. डब्यावरची अक्षरं कागदावर उतरवून घ्या आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. 2022 पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सामील झालं आहे, पण काम पुण्यातच चालतं. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय माळ्यावरचा एकही गोल डबा भंगारवाल्याला देऊ नका.