घरातील संगणक-जाळे आणि त्याचे रक्षण

२६ जुलै २००८ रोजी सायंकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक बाँबस्फोट झाले आणि त्यांत पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांना प्रारंभ होण्याच्या काही मिनिटे आधी त्यांची पूर्वसूचना देणारा एक ईमेल वृत्तवाहिन्यांकडे येऊन पोचला होता. तो ज्या इंटरनेट-जोडणीवरून निघाला होता तिचा माग काढीत तपास-अधिकारी नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत आले. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. त्यांच्या घरातील वाय-फाय यंत्राला कोणतेही संरक्षण नव्हते आणि त्या उघड्या जोडणीचा उपयोग दुसऱ्याच कोणीतरी करून घेतला होता, असे तपासात दिसून आले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत अशाच प्रकारचे आणखी ईमेल मुंबईतील माटुंगा येथील एका महाविद्यालयाच्या व चेंबूर येथील एका कंपनीच्या वाय-फायवरून धाडण्यात आले. अखेरीस फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने ग्राहकांच्या वाय-फाय जोडण्या सुरक्षित करून घेण्याविषयी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या.

सानपाड्याच्या त्या घरातून पैसा, कागदपत्रे, छायाचित्रे असे काहीही चोरीला गेले नव्हते. वापरला गेला तो केवळ घराचा पत्ता. घरातील संगणक-जाळ्याच्या रक्षणाचा विचार करताना ही गोष्ट बहुधा नजरेआड होते. ‘आमच्या घरी चोरण्यासारखे आहे तरी काय?’ असे म्हणून सामान्य गृहस्थ निश्चिंत राहतो. परंतु परक्याला त्याच्या घरातील ऐवज नको असतो, त्याचे दार आणि त्याच्या दारावरची पाटी हवी असते.

हा पत्ता म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी घरातील जाळ्याची रचना पाहिली पाहिजे. आज पुष्कळशा घरांत काचतंतूंची एक बारीक तार बाहेरून आत येते आणि भिंतीवरील एका लहानशा पेटीत संपते. ही एकच पेटी अनेकदा चार कामे करीत असते. तारेतून आलेल्या प्रकाशाचे ती विद्युत्-संकेतांत रूपांतर करते. पाठीमागच्या खाचांत तार खुपसून जोडलेल्या यंत्रांची एकमेकांशी गाठ घालून देते. रेडिओ-लहरींच्या द्वारे फोन, दूरचित्रवाणी संच, छपाईयंत्र वगैरेंशी बोलते. आणि घर व बाहेरचे जग यांच्यामधली ये-जा सांभाळते. या शेवटच्या कामावरून तिला राउटर हे नाव पडले आहे.

जुन्या काळच्या एखाद्या मोठ्या वाड्याची कल्पना करावी. वाड्यात पंधरावीस बिऱ्हाडे आहेत, पण टपाल-खात्याच्या दृष्टीने पत्ता एकच. बाहेर जाणारे प्रत्येक पत्र दरवाज्याशी बसलेल्या दिवाणजींच्या हातून जाते. ते पत्रावर वाड्याचा पत्ता घालतात आणि कोणत्या बिऱ्हाडाने ते कोणाला लिहिले याची वहीत नोंद करतात. उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्याला पोचवितात. राउटर हेच करतो. इंटरनेटवरील पत्त्यांची जी मूळ पद्धत आहे तिच्यात सुमारे ४२९ कोटीच पत्ते संभवतात आणि जगातील यंत्रांना ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून १९९० नंतरच्या दशकात काही पत्ते केवळ खाजगी जाळ्यांच्या उपयोगासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ या आकड्यांनी आरंभ होणारे पत्ते हे त्यांपैकीच होत. एकच खाजगी पत्ता लाखो घरांत असू शकतो, जशी ‘पहिला मजला, उजवीकडची खोली’ ही खूण लाखो वाड्यांत असते. बाहेरच्या जगाला दिसतो तो दिवाणजींनी घातलेला एकच पत्ता. मग पत्र वाड्यातल्या माणसाने लिहिलेले असो की भिंत ओलांडून आलेल्या उपऱ्याने.

या रचनेचा एक आनुषंगिक लाभ असा, की कोणी न मागविलेले टपाल बाहेरून आले तर वहीत त्याची नोंद सापडत नाही आणि ते दारातच अडते. पत्त्यांची जी नवी पद्धत भारतातही आता मोठ्या प्रमाणावर रूढ झाली आहे, तिच्यात मात्र प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तेथे वहीचा हा आडोसा उरत नाही. राउटरमध्येच असलेली फायरवॉल नावाची पहारा-व्यवस्था चालू आहे किंवा नाही, हे पाहावे लागते.

भिंतीपलीकडे जाणाऱ्या लहरी

तारेने जोडलेल्या यंत्राशी बोलायचे तर परक्याला घरात शिरावे लागेल. रेडिओ-लहरींना भिंतीचे बंधन नाही. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्याच्या लहरी दूरवर व भिंतींतून अधिक चांगल्या जातात. दुसऱ्याचा वेग अधिक, पण पल्ला कमी. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करीत असल्यामुळे स्वयंपाकघराला लागून ठेवलेला राउटर अन्न गरम होत असताना अडखळतो. पोलादी कपाट, पाण्याची टाकी आणि सिमेंट-सळ्यांच्या भिंती यांमुळेही लहरी क्षीण होतात. तेव्हा राउटर शक्य तो घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा हे बरे. रस्त्याकडच्या खिडकीत ठेवला तर अर्धी सेवा रस्त्यालाच मिळते.

लहरी पसरणारच, म्हणून त्यांतील मजकूर कूटबद्ध करावा लागतो. १९९७ साली वाय-फायचा पहिला मानक सिद्ध झाला तेव्हा त्यासोबत जी कूटपद्धती दिली गेली तिचे नाव डब्ल्यूईपी. २००१ मध्ये फ्लूरर, मॅन्टिन आणि शामीर या तीन संशोधकांनी तिच्या मुळाशी असलेला दोष दाखवून दिला, आणि पुढे तर ती काही मिनिटांत भेदता येऊ लागली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी आली, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. राउटरच्या व्यवस्थापन-पानावर यांतून निवड करता येते. डब्ल्यूपीए-३ उपलब्ध असल्यास ती घ्यावी, नसल्यास डब्ल्यूपीए-२. त्याहून जुनी पद्धत ज्या राउटरला सोडवत नसेल तो बदलणेच श्रेयस्कर.

डब्ल्यूपीए-२ ची कूटपद्धती भक्कम असली तरी तिची किल्ली माणसाने निवडलेली असते, आणि तिची सारी शक्ती या किल्लीवर अवलंबून आहे. एखादा फोन जाळ्यात प्रवेश करतो तेव्हा त्याची व राउटरची एक ठरावीक प्रश्नोत्तरे होतात. परवलीचा शब्द त्यांत उघडपणे उच्चारला जात नाही. परंतु ही प्रश्नोत्तरे टिपून घेणारा मनुष्य ती घरी नेऊन, आपल्या संगणकावर एकेक शब्द लावून पाहू शकतो. या खटाटोपाची राउटरला वार्ताही नसते. २०२१ मध्ये इस्रायलमधील एका संशोधकाने तेल अवीव शहरात हिंडून सुमारे ५,००० वाय-फाय जाळ्यांची अशी टिपणे गोळा केली आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जाळ्यांचे परवलीचे शब्द शोधून काढले. कारण अगदी साधे होते: तेथील अनेकांनी स्वतःचा मोबाईल क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून ठेवला होता.

हा प्रघात आपल्याकडे अपरिचित नाही. क्रमांक दहा आकडी आहे म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण भारतातील मोबाईल क्रमांकाचा पहिला आकडा ६ ते ९ यांपैकीच असतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. खेळांच्या हौशी लोकांच्या संगणकात असणारा एक शक्तिशाली चित्रसंस्कारक सेकंदाला १० लाखांच्या घरात शब्द ताडून पाहू शकतो. हिशेब केल्यास सर्व क्रमांक सव्वा तासाच्या आत संपतात. मुलांची नावे आणि जन्मवर्षे यांची कथा याहून निराळी नाही. उलट, एकमेकांशी सुतराम संबंध नसलेले चार-पाच शब्द, म्हणजे कंदील, आगबोट, बाभूळ, जिलबी असे काहीतरी, एकापुढे एक जोडले तर ते घरच्यांच्या लक्षात राहतात आणि यंत्राच्या आवाक्याबाहेर जातात. असा शब्द ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो. तो वहीत लिहून कपाटात ठेवण्यासही हरकत नाही. लिहून ठेवणे धोक्याचे, असे बजावण्याची चाल आहे. परंतु येथे ज्याच्यापासून रक्षण करायचे तो घराबाहेर बसलेला असतो, आणि कपाटातली वही त्याला दिसत नाही.

डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रश्नोत्तरे अशी घरी नेऊन अजमावण्याची वाट बंद करण्यात आली आहे. मात्र डब्ल्यूपीएस नावाची, बटण दाबून वा आठ आकड्यांचा क्रमांक देऊन यंत्र जोडण्याची सोय ज्या राउटरमध्ये असेल तिच्यातील क्रमांकाची सोय बंद करावी. तो क्रमांक दोन भागांत तपासला जात असल्याने १० कोटींऐवजी केवळ ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले होते. जाळ्याचे नाव लपविणे किंवा ठरावीक यंत्रांच्या क्रमांकांनाच प्रवेश देणे हे उपाय हिरीरीने सुचविले जातात खरे, पण ती नावे व ते क्रमांक लहरींतून उघडपणेच जात असतात. त्यामुळे या उपायांनी पाहुण्यांची गैरसोय तेवढी होते.

दुसरी किल्ली

वाय-फायच्या परवलीच्या शब्दाखेरीज राउटरला आणखी एक परवलीचा शब्द असतो आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो. तो आहे राउटरच्या व्यवस्थापनाचा. कारखान्यातून निघताना अनेक यंत्रांना हा शब्द एकच दिलेला असे. ‘ॲडमिन’ हे नाव आणि ‘ॲडमिन’ हाच शब्द, असा प्रकार. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रणालीने याच आळसाचा लाभ घेतला. तिच्यापाशी अशा साठेक जोड्यांची यादी होती. इंटरनेटवरून दिसणारा प्रत्येक कॅमेरा, चित्रमुद्रक वा राउटर ती या यादीने ठोठावून पाही आणि जो उघडेल त्याला आपल्या फौजेत भरती करून घेई. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने अमेरिकेतील डिन या कंपनीवर निरर्थक मागण्यांचा असा भडिमार केला की ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येक तास असंख्य लोकांना दिसेनाशा झाल्या. ही प्रणाली रचणारे तिघे तरुण होते. त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. त्यांच्या उद्योगाचा उगम माइनक्राफ्ट या खेळाच्या व्यवसायातील चढाओढीत होता. दरम्यान प्रणालीचा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला केला होता, त्यामुळे तिची पिलावळ पुढेही वाढत राहिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइचे टेलेकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली ती या पिलावळीपैकीच एकीमुळे. दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या वाटेने ती आत शिरू पाहत होती.

ज्यांच्या घरचे कॅमेरे या फौजेत सामील होते त्यांना त्याचा पत्ता लागण्याचे कारण नव्हते. कॅमेरा चित्र दाखवीतच होता. मिराई यंत्राच्या केवळ तात्पुरत्या स्मृतीत राही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती नाहीशी होई, आणि शब्द तोच ठेवला असेल तर काही मिनिटांत परतही येई.

यावरून करावयाची कामे सहज सुचतात. राउटर बसविला जाईल त्याच दिवशी व्यवस्थापनाचा शब्द बदलावा. बसविणाऱ्या तंत्रज्ञाला तो ठाऊक असण्याचे प्रयोजन नाही. घराबाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. यंत्रातील अंतर्गत प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या आपोआप बसविण्याची व्यवस्था असल्यास ती चालू करावी. याबाबतीत स्वस्त यंत्रे महाग पडतात, कारण विक्रीनंतर दोन-तीन वर्षांत त्यांच्या सुधारणा थांबतात आणि दोष मात्र सापडतच राहतात. ब्राझीलमध्ये २०११ च्या सुमारास मोडेममधील अशाच एका दोषाचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख यंत्रांतील नाम-निर्देशिकेचा पत्ता बदलण्यात आला होता. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी ही निर्देशिका एकदा चोराच्या हाती गेली की बँकेचे नाव अचूक टंकूनही मनुष्य भलत्याच पानावर पोचतो.

कॅमेरे, दूरचित्रवाणी संच, बोलके दिवे यांच्यासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाहुण्यांचे स्वतंत्र जाळे उघडण्याची सोय बहुतेक नव्या राउटरांत असते. दिवाणखान्यात बसलेल्याला माजघरात वाव नसतो, तसे या जाळ्यातील यंत्रांना घरच्या संगणकापर्यंत जाता येत नाही. बँकेचे व्यवहार ज्यावर होतात तो संगणक आणि तीन वर्षांत सुधारणा न मिळालेला कॅमेरा एकाच जाळ्यात नांदू नयेत, एवढ्यासाठी ही दहा मिनिटांची तसदी घेण्याजोगी आहे.

राउटर करू शकत नाही असेही पुष्कळ आहे. फोनवर गोड बोलून गुप्त क्रमांक काढून घेणाऱ्यापुढे त्याचा काही इलाज चालत नाही. अशा प्रकारे पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर विनाविलंब कळवावे लागते. यंत्रांत शिरलेल्या घातक प्रणाली ओळखून काढण्यासाठी ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेच्या वतीने २०१७ पासून ‘सायबर स्वच्छता केंद्र’ चालविले जाते आणि तेथील साधने विनामूल्य मिळतात.

जुना राउटर रद्दीवाल्याला किंवा शेजाऱ्याला देताना त्याच्या पाठीवरील टाचणीएवढ्या छिद्रातील बटण काही सेकंद दाबून धरावे. त्याने वाय-फायचा परवलीचा शब्द आणि इंटरनेट-खात्याचे नाव व किल्ली पुसली जाते. मात्र त्याबरोबरच यंत्रावर पुन्हा कारखान्यातला मूळ शब्द चढतो, तेव्हा शेजाऱ्याला तेवढे सांगून ठेवावे लागते.