वर्षभराचा बाजारहाट

गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या अंबरनाथपासून फार दूर नाही अशा एका अवाढव्य दुकानात मी चार चाकांची जाळीची गाडी ढकलत पैसे देण्याच्या रांगेत उभा होतो. गाडीत चकलीची तयार भाजणी होती, अनारशाचे तयार पीठ होते, आणि ज्यांच्यासाठी मी घरून निघालोच नव्हतो अशा सात-आठ वस्तू होत्या. रांगेत माझ्या पुढे पाहतो तो आमचा वाणी!

"अहो शेठ, तुम्ही इथे?"

त्याच्या गाडीत साखरेच्या पिशव्या रचलेल्या होत्या. "काय करणार सर," तो म्हणाला, "घाऊकवाल्याकडे पडते त्यापेक्षा इथे आज साखर स्वस्त आहे. दुकानासाठी इथूनच नेतो." मग त्याने माझ्या गाडीकडे नजर टाकली आणि काही न बोलता तोंड वळवले. दीड वर्ष झाले होते, मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो.

या गृहस्थाच्या वडिलांचे आमच्या घरावर ऋण आहे. १९८९ साली, मी चौथीत असताना, माझ्या वडिलांच्या कारखान्याला टाळे लागले ते आठ महिने निघाले नाही. त्या आठ महिन्यांत मोठ्या शेठने आम्हाला एकदाही 'नाही' म्हटले नाही. आई मला पिशवी आणि चिठ्ठी देऊन पाठवी. शेठ सामान बांधी, लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वहीत काहीतरी खरडी आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवी. तो पुण्यपुरुष होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या तांदळात खडे असत, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला तो डब्याच्या तळाची डाळ घालतो असा माझ्या आईचा पक्का संशय होता. पण त्याने व्याज लावले नाही. कारखाना उघडल्यावर ती बाकी फेडायला वडिलांना तीन वर्षे लागली.

त्या रात्री मी घरात जाहीर केले की, पुढच्या दिवाळीपर्यंत त्या मोठ्या दुकानात पाऊल टाकायचे नाही. वाणसामान शेठकडून, भाजी मंडईतून, आणि खाण्याचे जे घरी होऊ शकते ते घरीच करायचे. आमची सौ. कल्याणला बँकेत नोकरीला आहे. सकाळी सव्वाआठची गाडी पकडते. ती शांतपणे म्हणाली, "अहो, बहिष्कार तुम्ही घालणार, भाजणी कोण भाजणार?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. स्वदेशीचे आणि स्वावलंबनाचे पुष्कळ निबंध मी वर्गात शिकवले आहेत. पण त्या संकल्पांचे ओझे कोणाच्या स्वयंपाकघराने वाहिले, हे विद्यार्थ्यांना विचारायचे मला कधी सुचले नव्हते. अखेर तह झाला. बाजार मी करायचा, निवडणे-टिपणे मी करायचे, दळण मी न्यायचे आणि भाजायलाही मीच शिकायचे. चव पाहण्याचा अधिकार तेवढा तिच्याकडे राहिला.

गिऱ्हाइकाने आपला माल आपणच फळीवरून उचलायचा ही कल्पना तशी शंभर वर्षांपलीकडची आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने असे दुकान काढले. तोवर तेथेही आपल्यासारखेच होते. गिऱ्हाइकाने मागायचे आणि दुकानदाराने काढून द्यायचे. ती ढकलगाडी पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन याने आणली. हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो, हे त्याने हेरले होते. गंमत अशी की, लोक सुरुवातीला त्या गाडीला हात लावीनात. तेव्हा त्याने पगार देऊन माणसे नेमली आणि त्यांना दुकानात गाड्या ढकलत हिंडायला लावले! रांगेतला माझा अवतार आठवला की वाटते, आपणही बिनपगारी तेच काम करत होतो. आपल्याकडे २०१२ साली अशा दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला परवानगी मिळाली तेव्हा केवढा गदारोळ झाला! आमच्या शेठला जड गेले ते मात्र देशी दुकानच.

तर मी कापडी पिशवी काढली.

माझे कॉलेज उल्हासनगरात. इतकी वर्षे मी स्टेशन ते कॉलेज आणि कॉलेज ते स्टेशन असा झापडे लावल्यासारखा चालत आलो. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. अजूनही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असेच सांगतात. सगळे सोडून आलेल्या त्या बायकांनी घरात पापड लाटले आणि विकले. आजही येथे काळ्या मिऱ्यांचा असा पापड मिळतो की, भाजताना शेजारच्या घरात ठसका जावा. मी ज्या बाईंकडून घेतो त्या सत्तरीच्या आहेत. पहिल्या खेपेस त्यांनी मला पापड दिलाच नाही, आधी एक भाजून हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "साईं, पहले खाओ." फळीवरून पुडा उचलण्याची सवय झालेल्या मला त्या एका वाक्याने ओशाळल्यासारखे झाले. मुंबईतही १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले होते. त्याचे लिज्जत झाले हे सर्वांना ठाऊकच आहे. आमच्या या बाईंचे काही झाले नाही. त्यांची सून आता लाटायला तयार नाही, आणि मी त्या सुनेला दोष देणार नाही.

बदलापूरला माझी मेहुणी राहते. जूनच्या आरंभी तिच्याकडे गेलो असता स्टेशनाबाहेर आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसलेल्या दिसल्या. टाकळा आणि भारंगी मला ओळखता आली. एकीपुढे जांभळट कोंबांच्या जुड्या होत्या, ती शेवळे. मी दोन जुड्या घेतल्या आणि निघालो, तर ती मागून ओरडली, "दादा, काकडं नाय घेतलीस! घसा खाजंल ना!" काकडे म्हणजे हिरवी आंबट फळे. शेवळांची खाज त्यांनी मरते, म्हणून ती शेवळांबरोबरच विकायला येतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडांचा रस घालून शिजवायचे, ही सगळी कृती तिने उभ्या उभ्या सांगितली. पावसाच्या तोंडावर काही दिवस मिळणारी, नीट न शिजवली तर घसा धरणारी ही भाजी कोणते मोठे दुकान ठेवील? जांभळांचे नशीब बरे; बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेवळांना विचारणारे मात्र थोडेच उरले आहेत.

आता भाजणी. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'पर्यंत पाकशास्त्राची एक परंपरा मराठीत आहे, हे मला पदवीमुळे ठाऊक होते. कढई किती तापवायची, हे ठाऊक नव्हते. आईने खुर्चीवर बसून धडा दिला. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी, शिवाय धने-जिरे. तांदूळ धुऊन वाळवायचे. प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. मी घाईने दोन डाळी एकत्र टाकल्या, तर मुगाची करपली आणि हरभऱ्याची कच्ची राहिली. पुन्हा सारे नव्याने केले. डबा घेऊन गिरणीत गेलो, तर गिरणीवाल्याने विचारले, "सर, कशावर दळू?"

मी गोंधळलो. "म्हणजे?"

"आत्ता गहू चालू आहे. गव्हावर टाकली तर चकली बिघडेल. थांबा अर्धा तास, तांदळाचं दळण झालं की त्याच्यावर काढतो."

अर्धा तास थांबलो. बाकावर माझ्या शेजारी चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोणत्या डॉक्टरने किती घेतले, हे सारे त्या अर्ध्या तासात मला कळले. हे दळण आमच्या घरात आजवर कोणी आणले, याची मात्र मी पूर्वी कधी चौकशी केली नव्हती.

पहिला घाणा तेलात विरघळला. मोहन जास्त झाले होते. दुसरा जमला.

जमाखर्च खरा सांगायचा तर असा. साखर, तेल, साबण शेठकडे महाग पडले. डाळी आणि रवा साधारण तेवढ्याच किमतीत. तरीही महिन्याचा एकूण आकडा कमी आला, कारण न ठरवलेली वस्तू घरात आली नाही. शेठकडे दहा रुपयांची मोहरी मागता येते. तेथे पुडाच घ्यावा लागे. वेळेचा हिशेब मात्र सपशेल तोट्याचा. माझे रविवार गेले. पेपर तपासायचे राहिले. वैशाखात आई आजारी असताना रात्री दहा वाजता एक वस्तू हवी होती. सगळी दुकाने बंद होती, तेव्हा मी नियम मोडून त्या दिव्यांच्या झगमगाटात गेलो आणि ते उघडे आहे याबद्दल मनातल्या मनात आभारही मानले. शिवाय ज्या घरात दोघांनाही पहाटेची गाडी गाठायची असते आणि तह करायला नवरा तयार नसतो, तेथे बाईने तयार भाजणी आणली तर तिला नावे ठेवणाऱ्याने आधी स्वतः उडीद भाजून पाहावेत.

एकट्यादुकट्याने हे झेपत नाही, हे पूर्वीच्यांनी ओळखले होते. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने पंचवीस-तीस कुटुंबांचा संघ करून महिन्याचे सामान एकत्र मागवण्याची पद्धत बसवली. सामान एका सभासदाच्या घरी उतरते आणि सभासदच ते वाटून घेतात. डोंबिवलीच्या माझ्या मावशीच्या घरी असा वाटपाचा दिवस मी लहानपणी पाहिला आहे. दिवाणखान्यात पोती, बायकांचा गलबला, आणि आम्हा मुलांना गुळाची ढेप फोडायचे काम. आमच्या इमारतीत मी हा विषय काढून पाहिला. सर्वांना कल्पना आवडली. पोती कोणाच्या घरी उतरवायची, येथे सभा संपली.

या दिवाळीच्या आठवड्यात शेठकडे यादी घेऊन गेलो. त्याने ती हातात घेतली, पण डबे उघडले नाहीत. म्हणाला, "सर, पाडव्यानंतर इमारत पाडायला घेणार. नवी बांधायला तीन-चार वर्षं तरी जातील. मुलगा म्हणतो, किराणा पुरे आता."

मी विचारले, "आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? सकाळी सहाला शटर वर करतो, रात्री दहाला खाली. मुलाने तेच करावं असं कोणत्या तोंडाने सांगू?" मग त्याने वही उघडली. लाल पुठ्ठ्याची नव्हे, साधी शाळेची. "तुमचे आठशे चाळीस निघतात. तेवढे मात्र आज द्या."

मी पैसे दिले. त्याने बाकीवर रेघ मारली, मग यादीप्रमाणे सामान बांधले. पोहे निवडून घ्या, या खेपेस जरा कचरा आहे, असे आपणहून सांगितले.

घरी सौ.ने विचारले की, पुढच्या महिन्याची यादी कोणाकडे द्यायची. त्याच रस्त्यावर आणखी दोन वाणी आहेत. एकाचे दुकान दुपारी बंद असते. दुसऱ्याशी माझी ओळख नाही. भाऊबीज झाली की जाऊन बघणार आहे.