सागराची मर्यादा, माणसाची मर्यादा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत मराठीचे धडे गिरवले. भाषेच्या प्राध्यापकाने मासेमारीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु 'मर्यादा' या शब्दाचा अर्थ सांगताना गुरुजी खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बोट दाखवीत. सागर आपली मर्यादा सोडत नाही, ही आपल्या वाङ्मयातील जुनी कल्पना. आज प्रश्न उरला आहे तो माणसाच्या मर्यादेचा.

माझ्या बालपणी, १९६० च्या सुमारास, गोव्याच्या या किनाऱ्यावर रांपण ओढली जाई. सिंधुदुर्गात तिला रापण म्हणतात. किनाऱ्याजवळ बांगड्यांचा वा तारल्यांचा थवा दिसला की होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात सोडीत आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढीत. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळे; आम्हा पोरांनाही चार बांगडे मिळत. या पद्धतीत मासळी किनाऱ्याशी येईपर्यंत माणसाला थांबावे लागे. खोल समुद्र आपोआपच विसावा घेई. ही कोणाची साधुवृत्ती नव्हे. साधनाचीच ती मर्यादा होती. बारीक आसाच्या जाळ्यात पिले तेव्हाही सापडत, हेही सांगितले पाहिजे.

पुढे सरकारी कर्जे व अनुदाने यांच्या बळावर ट्रॉलर आले. निर्यातीच्या कोळंबीसाठी त्यांची जाळी समुद्राचा तळ खरवडीत आणि हे काम किनाऱ्यालगतच चाले. रांपणकारांची जाळी त्यात फाटत आणि मासळीही दुरावली. १९७० च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकार रस्त्यावर उतरले. १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरचा पट्टा ट्रॉलरांना बंद झाला. निसर्गरक्षण हा शब्द सभांतून रूढ होण्याआधी ज्यांनी समुद्रासाठी मर्यादा मागितली, ते हे मासेमार होते, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

दुसरी मर्यादा काळाची. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचे थंड पाणी वर येते आणि पोषकद्रव्ये सोबत आणते. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात. बांगडे आणि तारल्या याच सुमारास अंडी घालतात आणि त्यांच्या पिलांना हा चारा मिळतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बिनयांत्रिक पारंपरिक होड्यांना तीत सूट आहे. आपले पूर्वज नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत. ती बहुधा ऑगस्टमध्ये येते, म्हणजे त्यांचा संयम पुष्कळदा कायद्याहूनही दीर्घ असे.

तिसरी मर्यादा प्रकाशाची. जनित्रावर चालणारे प्रखर एलईडी दिवे समुद्रात लावले की दूरदूरची मासळी, पिलांसकट, उजेडाकडे ओढली जाते आणि एकाच घेरात पकडली जाते. १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र सरकारने अशा मासेमारीला मनाई केली. दोन ट्रॉलरांनी मिळून एकच जाळे ओढण्याचा प्रकारही त्याच आदेशाने बंद झाला.

एवढे नियम असताना चिंता कशाची? त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी माझ्या वर्गमित्राबरोबर, एका रांपणकाराच्या मुलाबरोबर, रात्री वाळूवर बसलो होतो. क्षितिजावर दिव्यांची रांग होती. तो म्हणाला, "तू शिकलास, तूच सांग. पावसाळ्यात मी थांबतो, तेव्हा मासळी वाढते ती कोणासाठी?"

या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर देऊ शकलो नाही. माझ्या मते आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. पिलांना सोडून देणे म्हणजे आज घेतलेला तोटा. तो उद्याच्या भरवशावर घेतला जातो. उद्याची मासळी नियम मोडणाराच नेणार असेल, तर पाळणाऱ्याला आपण मूर्ख ठरवतो, आणि मग तोही नियम सोडतो. त्यामुळे समुद्राचे रक्षण आणि मासेमाराचे रक्षण ही दोन कामे नव्हेत. ५ किलोमीटरच्या पट्ट्यावर रात्रीची गस्त हवी आणि तिच्या नियोजनात किनाऱ्यावरच्या मासेमारांना स्थान हवे. बंदीच्या काळात त्यांची चूल पेटती राहील एवढे साहाय्य वेळेवर पोहोचले पाहिजे. आसाचा आकार जाळ्यावर मोजला गेला पाहिजे, केवळ कागदावर नव्हे. आणि ट्रॉलरवर राबणारे परप्रांतीय खलाशीही गरीबच आहेत. दंड मालकाला व्हावा, त्यांना नव्हे.

आपणही यातून सुटत नाही. बाजारात बोटाएवढी पिले स्वस्त मिळाली की आपण ती आनंदाने पिशवीत टाकतो. तेथे थांबणे ही आपली मर्यादा.

माझा वर्गमित्र अजून उत्तराची वाट पाहत आहे. ते माझ्या एकट्याने देण्याजोगे नाही, म्हणून आज आपणांपुढे ठेवले. गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.