सुरीचे पोलाद बिलावर लिहा

कापडाच्या धंद्यात थान उलगडण्याआधी त्याचा काठ पाहावा, असे आमचे वालिदसाहेब सांगत. काठावर मिलचे नाव असते, सुताचे प्रमाण असते. टेरिकॉट ६७:३३ असे छापलेले असले की घेणाऱ्याला कळते, आपण कशाचे पैसे मोजतो आहोत. काठ कापलेला तुकडा आला तर आम्ही धागा ओढून त्याला काडी लावतो. सुती धागा जळून राख होतो, पॉलिएस्टरचा वितळून त्याची घट्ट गोळी बनते. फसवणूक तिथेच उघडी पडते.

परंतु आपल्याच कारागिरांनी हाताने घडविलेली सुरी घेताना ती कोणत्या पोलादाची आहे, हे ना घेणारा विचारतो, ना देणारा सांगतो. या एका सवयीमुळे एका चांगल्या कारागिराचे नुकसान झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. सबब आमचा धंदा कापडाचा असूनही आज लोखंडावर लिहीत आहोत.

आमच्या ओळखीचे एक शिकलगार आहेत. हात असा की पात्याची रेषा डोळ्यांत भरावी. एका हॉटेलवाल्याला स्वयंपाकघरासाठी चाळीस सुऱ्या हव्या होत्या. सौदा आम्हीच जुळवून दिला. दीड महिन्यात निम्म्या सुऱ्या परत आल्या. काहींची धार वळली होती, काहींचे दाणे उडाले होते, तर काही अगदी उत्तम चालत होत्या.

हॉटेलवाला म्हणाला, "चाचा, एकाच हाताच्या चाळीस सुऱ्या, मग चाळीस तऱ्हा कशा?"

चाचांनी खरे ते सांगितले, "बेटा, भंगारात जे मिळाले त्याच्या केल्या. माझा हात एक होता, लोखंड एक नव्हते."

बाकीचे पैसे बुडाले. हुनरात खोट नव्हती, खोट माहितीत होती.

भंगार वाईट नाही, अज्ञान वाईट

शिकलगार हा शब्दच 'सैकल' म्हणजे झिलई या अरबी शब्दावरून आला. तलवारींना झिलई आणि धार देणारा तो सैकलगर. नवव्या शतकात अल्-किंदी या विद्वानाने तलवारींच्या पोलादाचे प्रकार सांगणारा स्वतंत्र रिसाला लिहिला. म्हणजे पोलाद ओळखणे आणि ते लिहून ठेवणे ही आपली जुनी रीत आहे, कोणा परक्याची शिकवण नव्हे.

भंगाराचे पोलाद वापरणे हा गुन्हा नाही. आमच्या दुकानात वर्षानुवर्षे चालणारी मेरठची कात्री अशाच जुन्या गाड्यांच्या पोलादातून घडते आणि तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रश्न एवढाच की हातातला तुकडा कोणता, हे घडविणाऱ्याला माहीत असावे.

साधा हिशेब कर्बाचा, म्हणजे कार्बनचा आहे. साध्या माइल्ड स्टीलमध्ये तो सुमारे पाव टक्का किंवा त्याहून कमी असतो. ते कितीही तापवून पाण्यात बुडविले तरी सुरीला लागणारा कडकपणा येत नाही. ट्रकच्या कमानीचा पाटा बहुधा ईएन ४५ जातीचा किंवा त्याच्या जवळचा असतो. त्यात कर्ब अर्धा ते सहा दशांश टक्का आणि सोबत सिलिकॉन असते. हे पोलाद चिवट असते, वाकून परत येते. सत्तूर आणि मोठी सुरी यांना ते उत्तम. बॉल बेअरिंगचे ईएन ३१ हे सुमारे एक टक्का कर्ब आणि त्याच्या आगेमागे क्रोमियम असलेले पोलाद आहे. त्याची धार बारीक आणि टिकाऊ होते, पण हाड तोडायला त्याचा सत्तूर करू नये, दाणा उडतो. डाय बनविणाऱ्यांकडे मिळणारे ओएचएनएस तेलात कडक होते आणि पातळ पात्याच्या सुरीला चांगले.

गंज नको असेल तर स्टेनलेस. पण स्टेनलेस म्हणजे एकच वस्तू नव्हे. ताटवाट्यांचे ३०४ स्टेनलेस तापवून कडक होतच नाही. सुरीसाठी ४२० किंवा ४४० सी या जाती लागतात. ४४० सी मध्ये सुमारे एक टक्का कर्ब आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. ती कडक करण्यासाठी हजार अंशांच्या वर नेमके तापमान धरून ठेवावे लागते. कोळशाच्या भट्टीत आणि नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने ते साधत नाही. भट्टीवर काम करणाऱ्याने स्टेनलेसचा हट्ट धरू नये. धरायचाच असेल तर पुण्या-मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत मजुरीवर हे काम करून देणारे कारखाने आहेत. चार-पाच कारागिरांनी मिळून एकच घाणा पाठविला तर खर्च वाटला जातो.

काडी लावण्याच्या चार परीक्षा

कापडाला आम्ही काडी लावतो, तशा लोखंडाच्याही परीक्षा आहेत.

पहिली चुंबकाची. चमकदार सुरीला चुंबक चिकटलाच नाही, तर ते ३०४ सारखे ताटवाटीचे पोलाद समजावे. बकरी ईदच्या आधी पदपथावर मिळणाऱ्या लखलखीत सुऱ्यांना ही परीक्षा अवश्य लावावी.

दुसरी ठिणगीची. फिरत्या सहाणेवर धरल्यावर माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. कर्ब जास्त असेल तर ठिणगीला फाटे फुटतात, फुलबाजीसारखी ती तडतडते.

तिसरी कानशीची. पाणी दिलेल्या पात्यावर चांगली कानस फिरविली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. कानस चावली, तर पोलाद किंवा पाणी यांपैकी काहीतरी चुकले.

चौथी मोडण्याची. त्याच लोखंडाचा छोटा तुकडा तापवून, बुडवून, शेगड्यात धरून मोडावा. आतला कण रेशमासारखा बारीक आणि राखाडी दिसला तर बरोबर. साखरेच्या दाण्यासारखा भरड दिसला तर ते जास्त तापले. एक तुकडा वाया जातो, पण चाळीस सुऱ्या वाचतात.

जुन्या पाट्यात आणखी एक धोका आहे. हजारो किलोमीटर धक्के खाऊन त्यात केसासारख्या भेगा पडलेल्या असू शकतात आणि त्या घडविताना दिसत नाहीत. शक्य असेल तिथे कोरी पट्टी बिलासह घ्यावी. दर थोडा जास्त पडतो, पण चाळीसही सुऱ्या एका जातीच्या होतात.

पाणी देणे

उर्दूत सुरीच्या पाण्याला आब म्हणतात. आब म्हणजे पाणीही आणि तेजही. पोलाद अर्धे काम करते, उरलेले अर्धे आब करते.

पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबक सोडते. भट्टीजवळ चुंबक टांगून ठेवावा. तो चिकटेनासा झाला की आणखी थोडे तापवून पाते तेलात बुडवावे. पाट्याच्या पोलादाला तेलच वापरावे, गार पाण्यात तडा जाण्याची भीती असते. गाडीचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर छातीत जातो. तेल कोमट असावे.

बुडविलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून लगेच दुसरा ताव द्यावा. २०० अंशांच्या आसपास एक तास, गार करून पुन्हा एक तास. घासून उजळ केलेल्या पात्यावर गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग चढतो. सुरीला हा रंग पुरे. सत्तुराला थोडा पुढचा, तपकिरी रंग येऊ द्यावा, म्हणजे तो हाडावर तुटत नाही.

एवढी मेहनत धार लावणाऱ्याच्या यंत्रावर अर्ध्या मिनिटात वाया जाते. ईदच्या आदल्या दिवशी घाईत, पाणी न लावता सुरी सहाणेवर दाबली जाते आणि धारेवर निळा डाग पडतो. निळा डाग म्हणजे तिथले पाणी उतरले. मग ती धार दुसऱ्या बकऱ्यालाच वळते. ज्याला ही घाई टाळायची आहे त्याने आठ दिवस आधी दगडावर, पाणी लावून, हाताने धार करावी. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी तेज असावी आणि त्याच्यासमोर धार लावू नये, ही तर आपल्याला दिलेली शिकवणच आहे. तेव्हा सुरीचे पोलाद हा केवळ धंद्याचा प्रश्न राहत नाही.

मूठ, खिळे आणि निगा

पाते चांगले असून मुठीत हलू लागले तर सुरी निकामी होते. पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे आणि किमान दोन, शक्य तर तीन खिळ्यांनी बसविलेले असावे. मुठीला शिसवीसारखे घट्ट, वाळलेले लाकूड घ्यावे. ओले लाकूड उन्हाळ्यात आकसते, फट पडते, फटीत रक्त आणि पाणी शिरते, आणि गंज आतून सुरू होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून खिळे ठोकण्याआधी लाकूड आणि पाते यांच्यामध्ये इपॉक्सी भरावी.

खिळे पितळेचे शोभतात, पण मीठ आणि ओल राहिली तर पितळ हिरवे पडते आणि त्याला लागून असलेले पोलाद लवकर गंजते. ज्याची सुरी रोज मिठात आणि रक्तात राहते त्याने स्टेनलेसचे खिळे मागावेत. खिळा ढिला वाटला तर ऐरणीवर टेकवून हलक्या हाताने ठोकून घ्यावा, तसाच वापरीत राहू नये. मिटणारा चाकू असेल तर सांध्यातला कचरा ब्रशने काढून तेलाचा एक थेंब सोडावा, जास्त नाही. जास्त तेल धूळ धरते.

कर्बाच्या पोलादाची सुरी वापरून काळपट होते. लिंबू, कांदा, चिंच यांनी डाग पडतो. ही करडी छटा म्हणजे खोट नव्हे, ती पात्याला थोडे राखते. लाल गंज मात्र लगेच काढावा. काम झाले की धुवावी, तत्काळ कोरडी करावी, खोबरेल तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि कोकणच्या पावसाळ्यात चार दिवसांत पात्यावर नक्षी उमटते. धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवणे बरे.

बिल हाच काठ

आता मूळ मुद्दा. कारागिराने सुरी देताना बिलावर चार गोष्टी लिहाव्यात: पोलादाची जात, पाणी कसे दिले, पात्याची लांबी-रुंदी, आणि सुरी कोणत्या कामाची. जात माहीत नसेल तर 'जुना पाटा, परीक्षा करून' असे खरे तेच लिहावे.

याचा आणखी एक उपयोग आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनविलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. सत्तूर तर दोन इंचांहून रुंदच असतो. सणासुदीला पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेशही निघतात. अशा वेळी सुरी नेणाऱ्या मुलाच्या खिशात 'मांस कापण्याची सुरी' असे लिहिलेले बिल असणे आणि सुरी पिशवीत नीट बांधलेली असणे, यात फार फरक पडतो.

आमचे शिकलगार चाचा आता कोरी पट्टी घेतात आणि पात्याच्या मुळाशी पोलादाचा आकडा ठोकतात. तो हॉटेलवाला परत आला नाही. दुसरे दोन आले. त्यांतल्या एकाने आधी दर विचारला नाही, आकडा कसला आहे ते विचारले. चाचांनी सांगितले, आणि दर त्यानंतर ठरला. थानाला काठ असतो, तसा सुरीलाही असावा, एवढीच आमची कारागीर बांधवांना विनंती आहे.