किडझानियात रांग कशाला?

घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये 2013 साली सुरू झालेल्या किडझानियाची कल्पना मूळची मेक्सिकोची. तिथे असे पहिले केंद्र 1999 मध्ये उघडले. मुलांच्या मापाने उभारलेले हे बंदिस्त शहर आहे. त्यात रस्ते आहेत, बँक, इस्पितळ, अग्निशमन दल आहे. आत शिरताना मुलाला ‘किडझोज’ या तिथल्या चलनाचा चेक मिळतो आणि तो बँकेत वटवावा लागतो. पुढे काही ठिकाणी काम केले की पगार हातात पडतो, तर काही ठिकाणी पदरचे मोजावे लागतात. शाळा इथे काढतात त्या सहलीला ‘शैक्षणिक’ म्हणताना कारण दिले जाते ते व्यवसायांच्या ओळखीचे, आणि मला नेमके तेच सर्वांत लटके वाटते. इथली आग दर वेळी विझते, इथला रोगी दर वेळी बरा होतो. सारे ठरल्याप्रमाणे पार पडते, म्हणून कामातली अडचण मुलाच्या वाट्याला येतच नाही. खरे शिकणे आहे ते पैशांत आणि वेळेत. हातात मोजके तास आणि मोजके किडझोज असतात. आवडत्या कामापुढे गर्दी असेल तर तिथे थांबायचे, की तेवढ्या वेळात दुसरी दोन कामे करून कमाई वाढवायची? मिळालेले लगेच उडवायचे की साठवायचे? चौथीतल्या मुलाच्या दिवसात स्वतः ठरवावे आणि परिणामही स्वतःच सोसावा असे प्रसंग फार थोडे येतात. इथे ते तासागणिक येऊ शकतात.

पण शाळा आपल्याबरोबर रांगही घेऊन येते. गट पाडलेले असतात, कोणी कुठे कधी जायचे हे बाईंच्या कागदावर असते, आणि निवड हीच जिथली शिकवण, तिथे निवडायला काही उरत नाही. यावर शिक्षकांचे म्हणणे असे की पन्नास मुलांमागे दोघे-तिघे मोठे. कोणी हरवले तर जबाबदारी कोणाची? ही भीती पोकळ नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी बुडाले. जानेवारी 2024 मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांची बोट उलटली. किनाऱ्यावर किंवा गडावर रांग हवीच, तिथे ढिलाई नको. इथे मात्र मुलाच्या मनगटावर पट्टा असतो आणि सोबतच्या मोठ्या माणसाशी जुळल्याशिवाय त्याला बाहेर सोडत नाहीत. मोकळे सोडता यावे म्हणून तर भिंती असलेली जागा निवडायची! काळजी घ्यायचीच तर ती इमारतीबद्दल घ्यावी. मे 2024 मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीत लहान मुलांसह किमान 27 माणसे गेली, आणि त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. पैसे भरण्याआधी मुख्याध्यापकांनी तो दाखला मागावा, बाहेर पडायचे दरवाजे उघडे आहेत का हे स्वतः जाऊन पाहावे.

दुसरा आक्षेप जाहिरातीचा. तिथल्या दुकानांवर खऱ्या कंपन्यांची नावे असतात आणि मूल त्यांचाच गणवेश घालून वावरते. हे खरेच आहे, पण पाचवीच्या वर्गाला विचारता येते: या पाटीचे पैसे कोणी दिले असतील, आणि का? खर्चाच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. वर्गातली चार मुले प्रवेशशुल्कापायी मागे राहणार असतील आणि शाळा ते भरू शकत नसेल, तर ही सहल काढू नये.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकण्यासाठी. किडझानियातला दिवस त्या दहांत धरू नये. सुताराच्या रंध्याखाली लाकूड अडते, चाकावरचे मडके कलते, आणि ते सावरायला मुलालाच शिकावे लागते. किडझानियाला जायचे ते हिशेबासाठी. आदल्या दिवशी तीन-तीन मुलांनी मिळून आपला बेत स्वतः आखावा. तिथे प्रत्येकाने किती कमावले, किती खर्चले, किती वेळ ताटकळण्यात गेला हे टिपून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशीचा गणिताचा तास त्याच आकड्यांवर घ्यावा. ज्याचा बेत फसला, त्याच्या वहीपासून सुरुवात करावी.