मासा ताजा दिसतो, पण निरोगी आहे का?

नदीत मेलेल्या माशांचा खच दिसला की पाणी विषारी झाल्याचे सर्वांना कळते. पण विष थोडे असेल तर मासा लगेच मरत नाही, आतून आजारी पडतो. बाजारात तो ताजाच दिसतो.

पहिला घाव कल्ल्यांवर बसतो. तांबे, जस्त, अमोनिया यांमुळे कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे सुजतात, त्यांवर चिकट थर साचतो आणि मासा गुदमरतो. रक्तातून विष यकृत व मूत्रपिंडात जाते. शिसे आणि कॅडमियम तिथे साठत राहते.

सर्वात मोठे नुकसान वंशाचे होते. इंग्लंडमध्ये सांडपाणी सोडलेल्या नद्यांत नर माशांच्या वृषणात अंडी आढळली. कॅनडात २००१ ते २००३ या काळात संशोधकांनी एका तलावात गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरक मुद्दाम सोडले. प्रमाण होते लिटरमागे ग्रॅमचे पाच-सहा अब्जांश! तरीही काही वर्षांत तिथल्या एका छोट्या माशाची प्रजा जवळजवळ संपली.

माशातले विष माणसालाही सोडत नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याचा पारा समुद्रात गेला आणि माशांत साठला. १९५६ मध्ये मच्छीमार कुटुंबांतील आजार उघडकीस आला. आईला फारसा त्रास नसतानाही बाळे अपंग जन्मली.

म्हणून घरात एवढे पाळा :

• रसायनाच्या किंवा गटाराच्या पाण्यातला मासा फुकट मिळाला तरी खाऊ नका.
• कल्ले, आतडी, यकृत काढून टाका.
• शिजवल्याने जंतू मरतात, पारा जात नाही. तो मांसातच असतो.
• गरोदर भगिनी व लहान मुलांना मुशीसारखे मोठे मासे देऊ नका. मासे मात्र सोडू नका. मांदेली, बोंबील असे लहान मासे बरे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावरचा हक्क त्यांनी मिळवून दिला, ते पाणी स्वच्छ राखून घेणे आपले काम आहे. वस्तीजवळच्या नाल्यात रसायन सोडलेले दिसले तर विहारात सभा घ्या, सर्वांच्या सह्यांचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.