मनालीहून लेहला

आपल्याकडील अनेक गावांतले जवान लडाखमध्ये चाकरी करतात. लडाख म्हणजे भारताचे उत्तरेचे टोक. तेथे मोटारीने जाण्याची एक वाट हिमाचल प्रदेशातील मनाली गावातून निघते आणि लेह शहराला पोहोचते. ही वाट पावणेपाचशे किलोमीटरची होती. आता बोगद्यामुळे ती 46 किलोमीटरने कमी झाली आहे. वाटेत गावे थोडी, डोंगर फार. चला, या वाटेने जाऊन येऊ.

बोगदा

मनालीजवळ देवदाराची दाट झाडी आहे. सफरचंदाच्या बागा आहेत. पुढे रोहतांग नावाची खिंड लागते. तिची उंची 13,000 फूट. हिवाळ्यात ती बर्फाने बंद होते. मग पलीकडच्या लाहौल भागातील माणसे कित्येक महिने अडकून पडत. कुणी आजारी पडले तर हेलिकॉप्टरची वाट बघावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी खिंडीच्या पोटातून 9 किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्याचे नाव अटल बोगदा. लाहौलच्या लोकांचा मोठा घोर मिटला.

बोगद्यातून बाहेर आलात की झाडी संपते. उघडेबोडके डोंगर दिसू लागतात. असे का? आपल्याकडचेच बघा. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि अलीकडे माण-खटाव कोरडे राहते. डोंगर ढगांना अडवतो. तेथेही तसेच घडते, पण डोंगर कितीतरी मोठे. लेहला वर्षाला जेमतेम चार इंच पाऊस पडतो. तेथील शेतकरी वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटाने आणतो आणि त्यावर सातू पिकवतो.

चंद्रा आणि भागा

तांदी येथे दोन नद्या भेटतात. एक चंद्रा, दुसरी भागा. दोघी मिळून होते चंद्रभागा! वाचून पंढरपूर आठवले ना? पण ही चंद्रभागा निराळी. हिलाच पुढे चिनाब म्हणतात. दोन्ही नद्या बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात आणि दोन अंगांनी वाहत येऊन तांदीला मिळतात. तांदीला पेट्रोल पंप आहे. शहाणा ड्रायव्हर टाकी येथेच भरून घेतो, कारण केलांगनंतर मोठी वस्ती नाही.

पुढे केलांग गाव लागते. मग बारालाचा खिंड, उंची 16,000 फूट. त्यापुढे गाटा नावाचा घाट. त्याला एकवीस नागमोडी वळणे आहेत! मग येते मोरे मैदान. 15,000 फुटांहून उंच, तरी तळहातासारखे सपाट. या भागात चांगपा लोक आपली जनावरे घेऊन हिंडतात. आपल्या धनगरांसारखेच म्हणा. त्यांच्या बकऱ्यांच्या मऊ लोकरीपासून पश्मिना शाली बनतात. शेवटची मोठी खिंड तांगलांग, 17,400 फूट. आपले कळसूबाई शिखर 5,400 फूट. म्हणजे तीन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी कमीच पडतील.

पातळ हवा

या वाटेवर खरे भय दरीचे नाही, हवेचे आहे. गोधड्यांची चळत आठवा. खालची गोधडी दबून घट्ट होते, वरची सैल राहते. हवेचेही तसेच आहे. खाली हवा दाट, वर पातळ. तांगलांगवर एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो. डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. माणूस म्हणतो, "थोडे सोसू." हे सोसणे जिवावर बेतते. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून धडधाकट तरुणही दगावतात.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. घाई करू नका, केलांगसारख्या सखल जागी मुक्काम करा. पाणी पीत राहा. दारू-विडीला शिवू नका. डोकेदुखी वाढली, बोलणे अडखळले, बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरा. खाली येणे हेच पहिले औषध. जवानांनासुद्धा वर गेल्यावर आधी काही दिवस थांबवून ठेवतात. हवा अंगवळणी पडू देतात, मगच कामाला लावतात.

आणखी एक. ओढे सकाळीच ओलांडावेत. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळते आणि सकाळचा घोटाभर ओढा दुपारी मोटार अडवतो.

रस्ता कोण राखतो?

बारालाचापासून पुढची वाट हिवाळ्यात बंदच असते. दर उन्हाळ्याच्या तोंडी यंत्रांनी बर्फ कापून ती मोकळी करतात. हे काम 1960 साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना करते. तिच्याकडे झारखंड-बिहारकडचे मजूर कामाला येतात. गरम मुलखातली ही माणसे त्या थंडीत, त्या पातळ हवेत दगड फोडतात आणि दरडी उपसतात. त्यांच्या घामावर लडाखच्या माणसाला धान्य मिळते, जवानाला रसद मिळते.

उप्शीला रस्ता सिंधू नदीला भेटतो. तिच्या काठाकाठाने गेले की लेह आले. डोंगर कितीही उंच असो, सावकाश चढणारा आणि वेळेवर उतरणारा सुखरूप घरी येतो.